बालवाडीतल्या मुलांची हालचाल: पालक आणि ताई नेहमी विचारतात ते प्रश्न

अंगणवाडी, बालवाडी, नर्सरी, ज्युनिअर-सीनिअर केजी, नाव काहीही असो. तीन ते सहा वर्षांचं मूल रोज तीन-चार तास तिथे असतं. त्या वेळात ते किती हलतं, धावतं, चढतं-उतरतं यावर फारसं कुणी बोलत नाही. डब्यात काय होतं, कोणतं अक्षर झालं, हे मात्र रोज विचारलं जातं. पालकसभांत, ताईंच्या प्रशिक्षणात आणि शाळा सुटताना फाटकाशी उभं राहून विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

या वयाच्या मुलाने दिवसभरात किती हालचाल करायला हवी?

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली किमान ६० मिनिटं मध्यम ते जोराची असावीत, असं त्यात म्हटलं आहे. जोराची म्हणजे धाप लागेल, गाल लाल होतील, कपाळावर घाम येईल अशी. उरलेल्या दोन तासांत चालणं, जिना चढणं, नाचणं, वाळूत खणणं, ताईंबरोबर चटया उचलणं हे सगळं धरायचं. हा वेळ सलग नको, दिवसभर विखुरलेला हवा.

त्याच सूचनांत आणखी तीन गोष्टी आहेत आणि त्या सोबतच पाहायला हव्यात. मुलाला एका वेळी तासाहून जास्त काळ बाबागाडीत, खुर्चीत किंवा पट्ट्याने जखडून ठेवू नये. मोबाइल-टीव्हीसमोर बसणं दिवसाला एक तासाच्या आत असावं, जितकं कमी तितकं बरं. आणि झोप, दुपारची धरून, १० ते १३ तास हवी. पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलांसाठी २०२० च्या सूचना वेगळ्या आहेत: रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोराची हालचाल. सीनिअर केजीतली बरीच मुलं या गटात मोडतात.

त्यातला बालवाडीचा वाटा किती धरायचा?

साधा हिशेब करा. मूल दिवसाचे साधारण बारा तास जागं असतं. १८० मिनिटं बारा तासांत वाटली तर तासाला १५ मिनिटं येतात. म्हणजे तीन तासांच्या अंगणवाडीत ४५ मिनिटं आणि चार तासांच्या शाळेत एक तास. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननेही २०११ मध्ये पाळणाघरं आणि बालवाड्यांसाठी तासाला किमान १५ मिनिटं हाच आकडा सुचवला होता.

माझं मत विचाराल तर शहरात हा वाटा वाढवायला हवा. चौथ्या मजल्यावरचं घर, व्हॅनने जाणं-येणं, खाली पार्किंगमध्ये गाड्या, अंधार पडल्यावर घरी येणारे आई-बाबा. अशा मुलाला धावायची मोकळी जागा दिवसातून एकदाच मिळते, ती शाळेत. तिथेही मिळाली नाही तर त्या दिवशी मिळत नाही.

मुलं तर दिवसभर पळतच असतात. मोजायची काय गरज?

असं सगळ्यांना वाटतं, ताईंनाही. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात रसेल पेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ बालवाड्यांतल्या मुलांचं प्रत्यक्ष निरीक्षण केलं. ते २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. निरीक्षणाच्या ८० टक्क्यांहून जास्त क्षणांत मुलं जवळजवळ निश्चल होती आणि मध्यम ते जोराची हालचाल ३ टक्क्यांहूनही कमी क्षणांत दिसली. आपल्याकडच्या बालवाडीचा दिवस वेगळा असतो, पण एका जागी बसणं आपल्याकडे कमी आहे असं म्हणायचं धाडस मी करणार नाही.

हा समज का होतो, तेही सांगते. लहान मूल हालतं ते झटक्यांत. काही सेकंद धावतं, थांबतं, काहीतरी उचलतं, परत धावतं. ते झटके आपल्या डोळ्यांत भरतात, मधली बसकण भरत नाही. आणि तीस मुलांच्या वर्गात कुठलं तरी एक मूल कायम पळत असतंच, त्यामुळे सगळा वर्ग पळतोय असं वाटतं.

ताईंनी एकदा करून पाहावं. वर्गातलं एकच मूल निवडा, शक्यतो शांत, नजरेत न येणारं. दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे पाहा. दर १५ सेकंदांनी वहीत एक खूण करा: बसलेलं, उभं, चालतंय, धावतंय. चाळीस खुणा होतील. हेच सकाळच्या गोलात, मग बाहेरच्या खेळात, मग खाऊच्या आधी करा. बहुतेक ठिकाणी सर्वांत जास्त वेळ अभ्यासात गेलेला नसतो, वाट पाहण्यात गेलेला असतो. रांग लागेपर्यंत, हात धुवायची पाळी येईपर्यंत, खिचडी वाढून होईपर्यंत, घसरगुंडीवर नंबर येईपर्यंत. हा वेळ कुणाच्याच वेळापत्रकात लिहिलेला नसतो. सुधारणा करायची तर तिथूनच सुरू करावी, कारण त्याला पैसा लागत नाही.

आमच्याकडे रोज अर्धा तास खेळ असतो. तेवढं पुरत नाही का?

त्या अर्ध्या तासात कोणता खेळ होतो, यावर ते ठरतं. ‘मामाचं पत्र हरवलं’ घ्या. सगळ्यांच्या आवडीचा खेळ आहे आणि तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पण वीस मुलं गोलात बसली तर एका वेळी दोघं धावतात, अठरा बसून असतात. अर्ध्या तासात एखाद्याच्या वाट्याला एक फेरी येते, एखाद्याच्या पाठीमागे पत्र पडतच नाही. पाच-पाच मुलांचे चार गोल केले की तोच खेळ चौपट हालचालीचा होतो.

संगीत खुर्चीबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे: बाद करणारे खेळ या वयात नकोत. ज्या मुलाला चपळाईचा सराव सगळ्यात जास्त हवा, तेच पहिलं बाद होतं आणि भिंतीला टेकून बसतं. खुर्च्या काढून टाका, जमिनीवर खडूने गोल आखा, गाणं थांबलं की कुणीही कुठल्याही गोलात शिरायचं. एका गोलात तिघं मावली तर तिघं. गोल कमी होत जातात, मूल एकही कमी होत नाही. शेवटच्या गोलात सगळी जण एकमेकांना धरून उभी राहतात, तेव्हाचा आरडाओरडा ऐकण्यासारखा असतो.

‘डोंगराला आग लागली, पळा पळा पळा’मध्ये सगळी एकदम पळतात, म्हणून तो फार चांगला. ‘चिमणी उडाली भुर्र’ बसून खेळला तर फक्त हात वर होतात. उभं राहून, चिमणी उडाली तर खोलीभर उडायचं, म्हैस म्हटलं की जागच्या जागी थिजायचं, असं केलं की सगळं अंग कामाला लागतं.

‘तळ्यात-मळ्यात’कडे जरा जवळून पाहा. साडेतीन वर्षांचं मूल ‘मळ्यात’ ऐकल्यावर उडी मारतं, पण ताईंनी परत ‘मळ्यात’ म्हटलं तरी ते उडी मारून तळ्यात जातं. अंग आधी निघतं, कान मागून येतात. मग ते शेजारच्या मुलाच्या पायांकडे बघतं आणि हळूच परत येतं. काही आठवड्यांनी तेच मूल उडी मारायला वाकतं, गुडघे दुमडतात, हात मागे जातात आणि तिथेच स्वतःला आवरतं. ऐकणं, ठरवणं आणि स्वतःला थांबवणं हे सगळं तिथे घडलेलं असतं. पुढे वर्गात पाळी येईपर्यंत थांबायचं, बोलणाऱ्याचं पूर्ण ऐकायचं, त्यासाठी हेच लागतं. फक्त चुकलेल्याला बाहेर काढू नका. चुकणाऱ्यालाच हा खेळ हवा आहे.

धावण्याशिवाय आणखी काय काय यायला हवं?

हालचालींचे ढोबळ तीन गट धरा. एका जागेहून दुसरीकडे जाण्याच्या: चालणं, धावणं, उडी, लंगडी, रांगणं, चढणं. तोल सांभाळण्याच्या: एका पायावर उभं राहणं, रेघेवरून चालणं, वाकणं, गिरकी, लोळणं. आणि वस्तू हाताळण्याच्या: फेकणं, झेलणं, लाथाडणं, टप्पा मारणं. पहिला गट आपोआप होतो. तिसरा गट आपोआप होत नाही, तो कुणीतरी शिकवावा लागतो, आणि बालवाडीत नेमका तोच राहून जातो.

तीन वर्षांच्या आसपास मूल एकाआड एक पाय टाकत जिना चढतं, क्षणभर एका पायावर उभं राहतं. चौथ्या वर्षी मोठा चेंडू बहुतेक वेळा झेलतं. पाचव्याच्या सुमारास एका पायावर लंगडी घालू लागतं. महिना-दोन महिने मागेपुढे झालं म्हणून काळजी नको. साडेतीन वर्षांच्या मुलांची लंगडीची शर्यत मात्र लावू नका, ती पडतात आणि हिरमुसतात.

चेंडू शिकवायचा तर लहान, टणक चेंडूपासून सुरू करू नये. आधी मोठा आणि मऊ, कापडाचा किंवा अर्धवट हवा भरलेला. मूल जमिनीवर पाय फाकून बसतं, आपण समोरून घरंगळत सोडतो, ते दोन्ही हातांनी अडवतं. मग उभं राहून टप्पा पडलेला चेंडू. मग हवेतला. सुरुवातीला मूल चेंडू येताना डोळे मिटून तोंड फिरवतं, छातीशी कवटाळून झेलतं. हातांनीच झेलणं बऱ्याच सरावानंतर येतं. फुगा सगळ्यात सोपा, तो सावकाश येतो आणि लागत नाही. फुटलेले तुकडे मात्र लगेच उचला, ते घशात अडकतात.

शाळेत नुसते खेळच घेतात. लिहायला कधी शिकवणार?

पेन्सिल धरणारी बोटं ही साखळीतली शेवटची कडी. त्याआधी पाठ ताठ राहायला हवी, खांदा स्थिर हवा, मनगट वळायला हवं. दोरीला लोंबकळणं, जंगल जिमवर चढणं, रांगणं, हातांवर भार देऊन चालणं, बादलीभर वाळू उचलणं यांतून खांदा आणि हात तयार होतात. मग माती मळणं, मणी ओवणं, शेंगा सोलणं यांतून बोटं. हे न करता तीन वर्षांच्या मुलाला चार रेघांच्या वहीत अडकवलं की ते पेन्सिल मुठीत आवळतं, कागद फाटेस्तोवर दाबतं आणि दहा मिनिटांत डोकं बाकावर ठेवतं. पालक त्याला कंटाळा म्हणतात. ते बऱ्याचदा थकलेलं असतं.

हा काही कुणाचा लहरी विचार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि त्यासाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तंदुरुस्त आणि लवचिक शरीर हे स्वतंत्र अभ्यासक्रमीय ध्येय आहे. भाषा आणि गणिताच्या ध्येयांइतकंच ते अधिकृत आहे. मुख्याध्यापक किंवा संस्थाचालक ‘पालकांना लिखाण हवंय’ म्हणून मैदानाचा तास कापत असतील, तर हा आराखडा त्यांच्यासमोर ठेवा.

जागाच नाही. काय करणार?

२०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाबरोबरच्या मानकांनुसार तीस मुलांमागे ३५ चौरस मीटरची खोली आणि ३० चौरस मीटरची बाहेरची जागा हवी. वस्तीतली भाड्याची खोली किंवा देवळाचा सभामंडप यात हे मिळत नाही, हे ताईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जागेची मागणी सोडू नये. ग्रामपंचायत, नगरसेवक, सोसायटी, सगळीकडे लेखी करावी. पण तोवर मुलं मोठी होत असतात.

आपल्याच महाराष्ट्रात याचं उत्तर फार पूर्वी शोधलं गेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम केलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली; गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली. तीच कुरणशाळा. शाळेला चार भिंती लागतात हा विचारच त्यांनी बाजूला ठेवला. मुलं आधीच चालत, चढत, धावत होती, त्याच जागी त्यांनी शिक्षण नेऊन बसवलं. जागेची अडचण असलेल्या प्रत्येक ताईंनी हा इतिहास वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण आज आपण उलट करतो: धावणाऱ्या मुलांना आणून बसवतो आणि मग धावायला जागा शोधतो.

प्रत्यक्षात करता येईल ते असं. वर्गाचे दोन गट करा. मदतनीस ताई एका गटाबरोबर ओट्यावर किंवा बोळात, सेविका दुसऱ्याबरोबर आत, वीस मिनिटांनी अदलाबदल. अर्धी मुलं झाली की तीच खोली दुप्पट होते. जमिनीवर खडूने नागमोडी रेघ, शिडी, लहान-मोठे गोल आखून ठेवा, म्हणजे हात धुवायला जाणारं मूलही उड्या मारत जातं. जुना टायर, पोती, ओढणी, काथ्याची दोरी, पाण्याने भरलेल्या बाटल्या, एवढ्या सामानावर अडथळ्यांची शर्यत होते. महागड्या एका घसरगुंडीपेक्षा दहा चेंडू आणि दहा रिंगा चांगल्या: घसरगुंडीसमोर रांग लागते, चेंडूसमोर लागत नाही. आणि आठवड्यातून एकदा चालत बाहेर. नदीकाठ, झेडपी शाळेचं मैदान, पाराजवळची मोकळी जागा. दोरीला हात धरून रांगेत नेलं की वीस मुलं दोघींना सांभाळता येतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळवायचं असेल तर ठरलेल्या वेळी फाटक बंद आणि वॉचमन उभा, याशिवाय नको.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात?

पावसाळ्यात खरी अडचण पावसाची नसते, शेवाळाची असते. शहाबादी फरशीवर जूनअखेर बुळबुळीत थर येतो, तो खराट्याने घासून काढल्याशिवाय मुलांना सोडू नका. रिमझिम असेल आणि कपड्यांचा दुसरा जोड असेल तर भिजायला हरकत नाही. आत असाल तेव्हा बाकांखालून रांगत जाणं, चादरीवर फुगा नाचवणं, प्राण्यांच्या चाली: बेडूक, खेकडा, हत्ती, साप. खेकड्याची चाल एकदा स्वतः करून पाहा, दोन मिनिटांत खांदे बोलायला लागतात.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, बाहेरचा खेळ दिवसाच्या सुरुवातीलाच घ्या. खेळाच्या आधी आणि नंतर पाणी, मागेपर्यंत थांबू नये. घसरगुंडीचा पत्रा आधी स्वतःच्या हाताने तपासा. मूल चिडचिडं झालं, डोकं दुखतं म्हणालं, अंग तापलं, तर लगेच सावलीत आणून ओल्या फडक्याने पुसा आणि पाणी द्या. गुंगी किंवा उलटी असेल तर दवाखाना.

पडलं, लागलं तर पालक भांडायला येतात.

येतात, आणि त्या भीतीपोटी कितीतरी ठिकाणी मैदानाला कुलूप लागतं. याचं उत्तर वर्षाच्या सुरुवातीच्या पालकसभेत द्यायचं. गुडघा खरचटणार, हे आधीच सांगा. आमच्याकडे प्रथमोपचाराची पेटी आहे, कोणती ताई कुठे उभी राहते, काय झालं तर कधी फोन करू, हेही सांगा. आधी सांगितलेलं असलं की पालक ऐकून घेतात.

काळजी कुठे घ्यायची ते ठरलेलं आहे. झोपाळा-घसरगुंडीखाली भुसभुशीत वाळू हवी; काँक्रीट किंवा फरशी नको. रोज सकाळी मैदानावर एक फेरी: काच, खिळा, कुत्र्याची घाण, सैल झालेला नट. गळ्यातली ओढणी, लांब माळ, पाण्याच्या बाटलीचा गळ्यात अडकवलेला पट्टा खेळताना काढून ठेवायचा, तो झोपाळ्यात अडकतो. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून धावू देऊ नका, अनवाणी बरं. डोक्याला मार लागून मूल पेंगुळलं, उलटी झाली किंवा वेगळं वागू लागलं तर वाट न पाहता डॉक्टर.

मुली कमी धावतात का?

अनेक देशांतल्या मोजमापांत या वयातही मुलगे सरासरीने जास्त हालचाल करताना दिसतात. पण कारण शोधायला आपल्याला लांब जायला नको. झालरीचा फ्रॉक, पायात चकचकीत बकलाचे बूट, हातभर बांगड्या, आणि वर ‘कपडे मळवू नकोस हं’. त्या मुलीने चढायचं कसं? पालकसभेत सांगा: सुटसुटीत चड्डी किंवा लेगिंग, मळले तरी चालतील असे कपडे, पट्ट्याच्या चपला. आणि ताईंनी स्वतःचं बोलणं तपासावं. मुलगा भिंतीवर चढला की ‘शाब्बास’ आणि मुलगी चढली की ‘पडशील’ असं आपण म्हणतो का, ते एक दिवस कान देऊन ऐका.

माझं मूल खेळात उतरतच नाही, कोपऱ्यात उभं राहतं.

काही मुलं आधी आठवडे-आठवडे नुसतं बघतात. बघू द्या. हात धरून ओढू नका, सगळ्यांसमोर नावाने बोलावू नका. त्याला एक काम द्या: रिंगा वाटायच्या, चेंडू गोळा करून टोपलीत टाकायचे. चेंडूमागे ते आपोआप धावतं. एका ओळखीच्या मित्राबरोबर जोडीने खेळ द्या. गोंगाटाने घाबरणारं मूल असेल तर मैदान भरण्याआधी पाच मिनिटं त्याला एकटं खेळू द्या.

अपंगत्व असलेल्या मुलाचं काय?

तो खेळात असतो, खेळाचे नियम त्याच्यासाठी बदलतात. चाकाच्या खुर्चीतलं मूल ‘डोंगराला आग’मध्ये दुसऱ्याने ढकलत पळू शकतं, पण त्याहून बरं म्हणजे सगळ्यांनीच जमिनीवर सरकत खेळायचा एक डाव ठेवावा. कमी दिसणाऱ्यासाठी चेंडूला घुंगरू बांधा. कमी ऐकू येणाऱ्यासाठी शिट्टीसोबत रंगीत रुमाल हलवा. त्याला पंच करून बाजूला बसवणं हा मान नव्हे.

कुपोषित मुलाने धावावं का? असलेली शक्तीही जाईल ना?

ही भीती आयांना असते आणि ती प्रेमातूनच येते. तीव्र कुपोषित मूल आजारी असेल, सूज असेल, जेवत नसेल तर आधी उपचार. तिथे डॉक्टर सांगतील तसंच. पण खेळ हा त्या उपचाराचाच भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तीव्र कुपोषणाच्या उपचाराच्या ज्या दहा पायऱ्या सांगितल्या, त्यांत मुलाच्या संवेदनांना चालना देणं आणि मायेचा आधार देणं ही स्वतंत्र पायरी आहे. ग्राम बाल विकास केंद्रात आहाराबरोबर खेळणीही हवीत ती यासाठीच. मूल सावरू लागलं की हलके खेळ सुरू करायचे, पोटभर खायला देऊन. अशक्त मूल शांत बसतं, त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्षही कमी जातं. या मुलाकडे तर आपण होऊन जायला हवं.

डॉक्टरांना कधी दाखवावं?

बरोबरीच्या मुलांपेक्षा खूपच लवकर धाप लागते. धावता धावता मध्येच उकिडवं बसून राहतं आणि ओठ निळसर पडतात. खेळताना छातीत दुखतं म्हणतं, चक्कर येते. रात्री आणि धावल्यावर खोकल्याची उबळ येते. जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत उठतं, जिना चढताना फार कष्ट होतात. सतत चवड्यांवरच चालतं, लंगडतं, किंवा आधी जमत होतं ते आता जमेनासं झालं. यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतं. ताईंनी पाहिलेलं लिहून ठेवलं तर त्या पथकाला फार उपयोग होतो, कारण तपासणीच्या वेळी मूल धावत नसतं.

दमा असलेल्या मुलाला खेळ बंद करू नका. डॉक्टरांकडून खेळाआधीच्या औषधाबद्दल लेखी घ्या आणि पंप शाळेत ठेवा.

मैदानावर ताईंनी काय करायचं?

खुर्ची टाकून रजिस्टर भरायचं नाही. दोन गोष्टी करायच्या: नजर ठेवायची आणि मधून मधून स्वतः उतरायचं. ताई पळाल्या की मुलं पळतात. पण सगळा वेळ ताईंनीच खेळ घेत राहू नये. अर्धा वेळ मोकळा हवा, ज्यात काय करायचं ते मूल ठरवतं. साडीत पळता येत नाही ही खरी अडचण आहे. जिथे शक्य तिथे पंजाबी ड्रेसची मुभा द्यावी.

कवायत, योगासनं, स्केटिंगचे क्लास?

कवायतीत मुलं बहुतेक वेळ सरळ उभं राहायला शिकतात, हालचाल थोडी. आसनं प्राण्यांच्या गोष्टीत गुंफून, क्षण-दोन क्षणांची, छान. श्वास रोखणं वगैरे नको. या वयात एकाच खेळाचं प्रशिक्षण लावू नये. क्रीडादिनासाठी महिनाभर एकाच शर्यतीची तालीम घेऊन रोजचा खेळ बुडवणं, हे तर मुळीच नको.

दंगा केला म्हणून खेळाची सुट्टी बंद केली तर?

करू नका. ज्या मुलाला बसवत नाही, त्यालाच आणखी बसवून ठेवल्यासारखं होतं.

बाहेरच खेळायला हवं का? आत चालणार नाही?

आतही चालतं, पण बाहेर मुलं जास्त हालतात, हे अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. शिवाय डोळ्यांचा मुद्दा आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना जवळचंच दिसण्याचा दोष आला होता, तर नेहमीच्या दिनक्रमातल्या मुलांत तो ३९.५ टक्के होता. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ती मुलं आपल्या बालवाडीतल्या मुलांपेक्षा थोडी मोठी होती, पण मोबाइल हातात येण्याचं वय आता ज्या वेगाने खाली येतंय, ते पाहता मी बाहेरच्या वेळेला हात लावू देणार नाही.

झोप आणि शाळेची वेळ यांचा संबंध येतो का?

येतो. अर्धवट झोपेतून उठवलेलं मूल मैदानावरही पाय ओढत चालतं. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय घेतला, तो झोपेचाच विचार करून. पण रात्री साडेअकरापर्यंत घरात टीव्ही चालू असेल तर नऊची शाळाही लवकरच वाटेल. संध्याकाळी तासभर बाहेर खेळलेलं मूल लवकर झोपतं, हे तुम्ही घरीच पाहू शकता.

शाळा निवडताना पालकांनी काय विचारावं?

‘मैदान आहे का?’ एवढंच विचारू नका, सगळे हो म्हणतात. काल मुलं किती वाजता बाहेर गेली आणि किती वाजता आत आली, ते विचारा. एका ताईंकडे किती मुलं? वीसच्या वर असतील तर बाहेर नेणं अवघड जातं. पाऊस असेल तेव्हा काय खेळता? चेंडू कुठे ठेवता, मुलांच्या हाताला येतील असे की कपाटात? चेंडू बघायला मागा. नवेकोरे, चकचकीत असतील तर ते वापरात नाहीत. शक्य झालं तर मधल्या सुट्टीच्या सुमारास जा आणि मुलांचे गुडघे आणि चपला बघा. माती दिसली तर पुढचे प्रश्न फीबद्दल विचारायला हरकत नाही.